प्रवेश नव्हे, नेमणूक

पंढरपूरजवळच्या एका गावातून वडील आणि मुलगी माझ्याकडे सल्ला घ्यायला आले, तेव्हा वडिलांच्या पिशवीत सातबारा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगी रसायन अभियांत्रिकीत एम.टेक. झालेली, जर्मनीत पीएच.डी. करायची तर मोठे कर्ज काढावे लागेल असे एका एजंटाने सांगितले होते आणि त्यासाठी दोन एकर गहाण टाकावे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते.

सातबारा पिशवीतच राहू द्या, असे मी म्हटले. विज्ञान-अभियांत्रिकीतील पीएच.डी. ही जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये बहुधा पगारी नोकरी असते. जर्मन विद्यापीठांत ती सहसा सरकारी वेतनश्रेणीच्या ई-13 स्तरावर मिळते. मात्र पद अर्धे, पाऊण की पूर्ण यावर पगार ठरत असल्यामुळे जाहिरातीतील टक्केवारी आधी पाहावी. आपल्याकडेही सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये, शिवाय घरभाडे भत्ता असतो.

मुलीची तक्रार वेगळी होती. शंभरावर प्राध्यापकांना ईमेल पाठवून दोनच उत्तरे आली, तीही नकाराची. त्यामुळे आपले गुण आणि आपले कॉलेज कमी पडले, असे तिने ठरवून टाकले होते. मी ते ईमेल वाचायला मागितले. सगळीकडे एकच मजकूर: 'आदरणीय सर, आपल्या मार्गदर्शनाखाली प्रवेश मिळावा.' एका बाईंनाही 'सर'च! बारावीपासून कॅप राउंड आणि गुणवत्ता यादी एवढेच पाहिलेल्या मुलांनी प्रवेश मागावा यात नवल नाही. परंतु समोरच्याला विद्यार्थी सामावून घ्यायचा नसतो, मंजूर निधीतून एका ठरलेल्या प्रकल्पावर माणूस नेमायचा असतो, आणि तुम्ही ते काम कराल असे त्याला का वाटावे, हे पत्रातून कळावे लागते.

पुढचे तीन आठवडे आम्ही फक्त सहा अर्ज केले, तेही जाहिरात निघालेल्या पदांसाठीच. तिचा प्रबंध पाणी गाळणाऱ्या पटलांवर बसणाऱ्या थराविषयी होता. प्रत्येक पत्रात तिने त्या गटाच्या एका शोधनिबंधातील नेमकी आकृती घेतली, स्वतःच्या मोजमापांत तसे का दिसले नाही हे चार ओळींत लिहिले आणि वापरलेली उपकरणे नोंदवली. शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना तिने आधीच विचारून ठेवले, कारण अनेक ठिकाणी पत्र थेट त्यांच्याकडूनच मागवतात. तोच मजकूर आयआयटीच्या अर्जासोबतच्या संशोधन-टिपणालाही उपयोगी पडला. गेट या प्रवेश परीक्षेचे गुण होतेच.

दोन मुलाखती झाल्या. पहिलीत ती स्वतःच्याच आलेखावर अडखळली आणि नकार आला. दुसरीनंतर तीन वर्षांचा करार आला, पद 75 टक्के. वडिलांनी फोनवर तो माझ्याकडून मराठीत समजून घेतला आणि शेवटी विचारले, "मॅडम, नोकरी म्हणजे रजाही असेलच ना? आषाढीला येता येईल का तिला?" वर्षाला 30 दिवसांची रजा करारात होती.