हॅचिंगची गॅरंटी सोडा, वरची ओळ वाचा

इंदूरच्या सुदामा नगरातून एका निवृत्त वाचकांनी लिहिलंय: पुण्याजवळच्या एका हॅचरीतून कडकनाथ कोंबडीची ६० अंडी कुरियरनं मागवली, घरच्या उबवणी मशीनमध्ये ठेवली, बाविसाव्या दिवसापर्यंत चारच पिल्लं निघाली. विक्रेता म्हणतो, बिलावर ‘हॅचिंगची गॅरंटी नाही’ असं छापलंय. ग्राहक आयोगात जावं का?

अंडी कधी कोंबडीची, कधी बटेरची, पण पत्र तेच. (कडकनाथला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो झाबुआच्या नावानं, आणि झाबुआ तुमच्यापासून दीडशे किलोमीटरवर. मांडीवर टोपली घेऊन बसनं आणता आली असती. असो.)

गॅरंटीच्या त्या वाक्याशी भांडू नका. मे महिन्यात लाईट किती वेळा गेली, तापमान ३७.५ अंशांवर टिकलं का, शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवला का, हे सगळं तुमच्या घरात घडलं. त्या वादात तुम्ही हराल. पण बिलाचा जो फोटो पाठवलात, त्यात मालाच्या रकान्यात लिहिलंय: ‘कडकनाथ फर्टाइल अंडी, ९० टक्के’. तुमची केस या ओळीवर उभी आहे. पिल्लू निघेल ही हमी वेगळी आणि अंडं फलित आहे हे मालाचं वर्णन वेगळं. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच हवा, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं. आणि अंडं मशीनमध्ये फलित होत नाही. ते कोंबड्याकडूनच होऊन यावं लागतं. तिथं तुमच्या लाईटचा काही संबंध नाही.

आता पुरावा. आठव्या दिवशी सूनबाईंनी अंधारात टॉर्चवर एकेक अंडं धरून फोटो काढले, ४१ अंडी नुसती पिवळी, एकातही लाल शीर नाही. शाबास! आणि तुम्ही काय केलंत, तर बाविसाव्या दिवशी सगळी अंडी कचरागाडीत टाकलीत. आठव्याच दिवशी त्या पिवळ्यांतली चार-पाच बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहायचा होता: ठिपका बारीक आणि भरीव असेल तर अंडं फलित नव्हतं, मोठा आणि कड्यासारखा असेल तर होतं. आता समोरचा वकील म्हणणार, अंडी फलितच होती, कुरियरच्या चार दिवसांच्या उन्हात आणि धक्क्यांत जीव पहिल्या टप्प्यातच गेला, टॉर्चवर तेही कोरंच दिसतं. आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तरी ६० पैकी ४१ हा आकडा ९० टक्क्यांच्या दाव्यासमोर बोलका आहे, आणि आयोगात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच, म्हणजे इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, पुण्याला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. मी ती पेटी हातात आली त्या दिवसापासून मोजते. ‘पुढच्या लॉटमध्ये भरून देतो’ या मेसेजच्या आशेवर तुम्ही वर्ष घालवलंत, पण अशा मेसेजनं मुदत थांबते असं धरून चालू नका. कोंबड्या वाढवून विकायच्या होत्या, असं तुम्ही लिहिलंय; ‘व्यापारी हेतूनं घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल, स्वयंरोजगाराची सवलत लागू होईल की नाही हे तुमचे कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही. अंड्यांचे पैसे, कुरियरखर्च आणि थोडी नुकसानभरपाई मागा. न निघालेल्या ५६ कोंबड्यांचा नफा मागितलात तर हसं होईल.

कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तीन महिन्यांत पुढची तारीख मिळते. तयारी ठेवा.

विक्रेत्याशी तुमचं सगळं चॅट मराठीत आहे, त्याचं हिंदी भाषांतर जोडा. फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, प्रमाणपत्र सूनबाईंच्या आणि तज्ज्ञाच्या सहीनं लावा; सूनबाईंची सही, कारण फोटो त्यांच्या फोनमधले आहेत. आणि तो फोन तेवढा एक्स्चेंजमध्ये देऊ नका.