श्रमिकांवरचं संगीत नाटक पहिल्यांदाच बसवताय?

चाली बांधायची घाई नको. आधी कामाच्या हालचाली बसवा. विटा झेलणं, लादी पुसणं, शिलाई मशीन चालवणं, प्रत्येक कामाला स्वतःची लय असते. ती वाद्यांशिवाय पक्की करा, मग त्याच लयीत चाल बांधा. उलटं केलंत तर कामगार नाचतोय असंच दिसतं.

नवख्यांच्या हमखास चुका:

- रिकामी बादली भरलेली म्हणून उचलणं. तालमीत खरंच अर्धी भरा; खांदा आपोआप झुकतो.
- धावपळीनंतर लगेच लांब ओळ. दम पुरत नाही, स्वर घसरतो. मध्ये चार मात्रा मोकळ्या ठेवा.
- स्वगत संपवून, थांबून गाणं सुरू करणं. शेवटच्या वाक्याखालीच वाद्यं हळू सुरू करा.

आणि दया मागणारा सूर टाळा, प्लीज! माइक-प्रकाशयोजनेचं नंतर बघू.