‘फूटस्विच’, ‘पायकळ’ की ‘पायखटका’?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे : कीबोर्डवरील ऑर्गनच्या आवाजाला ‘रोटरी स्पीकर’चा परिणाम देता येतो आणि त्याचा वेग पायाने बदलता येतो. अशा वाद्याची माहिती मराठीत लिहिताना त्यांनी ‘रोटरी स्पीकर विलंबितातून द्रुतात नेण्यासाठी फूटस्विच दाबेपर्यंत धरावा’ असे वाक्य योजले आहे. ‘फूटस्विच’ला मराठी शब्द सुचवावा आणि बाकीचे वाक्य तपासावे, अशी त्यांची विनंती आहे. मला स्वतःला ‘फूटस्विच’ची तितकी काळजी वाटत नाही, ‘विलंबित’, ‘द्रुत’ आणि ‘दाबेपर्यंत’ या तीन शब्दांची मात्र वाटते. त्याचे कारण समजण्यासाठी हे यंत्र काय करते ते आधी पाहावे लागेल.

विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन १९३५ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याचा सपाट वाटणारा आवाज चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनसारखा भरीव व्हावा, या ध्यासातून डोनाल्ड लेस्ली यांनी ‘रोटरी स्पीकर’ची जी लाकडी पेटी तयार केली, तिला आजही वादक ‘लेस्ली’ याच नावाने ओळखतात. या पेटीत स्पीकर फिरत नाही, ही गोष्ट नाव ठरवताना महत्त्वाची आहे. वरच्या भागात उंच स्वरांसाठी स्थिर बसवलेल्या ध्वनियंत्रावर दोन तोंडांचा कर्णा फिरतो. त्यातले एक तोंड बंद असते आणि ते केवळ तोल साधण्यासाठी असते. खालच्या भागात खर्जाचा स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेला असतो आणि त्याच्याखाली एक पोकळ ढोल फिरतो. कर्ण्याचे तोंड आपल्याकडे येत असताना स्वर किंचित चढतो आणि दूर जाताना उतरतो, जसा फलाटावरून धडाडत जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा उतरतो. त्याच वेळी आवाजही कमीअधिक होत राहतो. म्हणून ‘फिरता स्पीकर’ हे भाषांतर सोयीचे असले तरी खरे नाही. ग्रामोफोनमुळे मराठीत रुळलेला ‘कर्णा’ हा शब्द येथे नेमका बसतो. ‘भोंगा’ही चालला असता, परंतु तो शब्द ऐकताच गिरणीचा भोंगा आठवतो, आणि येथे इशारा द्यायचा नसून स्वराला हलते ठेवायचे आहे. तेव्हा मी ‘फिरता कर्णा’ म्हणेन आणि वादकांमध्ये बोलताना निःसंकोच ‘लेस्ली’ म्हणेन.

या कर्ण्याला मुख्यतः दोन वेग असतात. जलद वेगात तो मिनिटाला सुमारे चारशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात. संथ वेगात मिनिटाला साधारण चाळीस ते पन्नास. काही वाद्यांत कर्णा पूर्ण थांबवण्याचीही सोय असते. या दोन वेगांना ‘विलंबित’ आणि ‘द्रुत’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण ते शब्द आपल्या कानात संगीतासह मुरलेले आहेत. पण नेमक्या त्याच कारणासाठी ते येथे टाळावेत. विलंबित आणि द्रुत ही लयीची नावे आहेत, आणि कर्णा जलद फिरू लागला म्हणून गाण्याची लय तसूभरही बदलत नाही. प्रार्थनेचे अतिशय संथ गीत चालू असताना शेवटच्या ओळीवर कर्णा जलद करतात, तेव्हा ‘द्रुतात न्या’ अशी सूचना वाचणारा नवखा वादक कदाचित गीतच पळवू लागेल. ‘संथ’ आणि ‘जलद’ हे साधे शब्द फिरण्याविषयी बोलतात आणि तेवढेच पुरेसे आहे. परदेशी वाद्यांवर याच दोन स्थितींना ‘कोराल’ आणि ‘ट्रेमोलो’ अशी नावे छापलेली असतात. त्यांतले दुसरे तर मुळातच अपुरे आहे, कारण ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचा हेलकावा, आणि येथे स्वराचा कंपही असतो. ती नावे मराठीत आणण्याचा खटाटोप करू नये.

या वाद्याचे खरे सौंदर्य मात्र दोन वेगांत नसून एका वेगातून दुसऱ्यात जाण्याच्या काळात आहे. हलका कर्णा चटकन वेग धरतो, जड ढोल त्याच्यामागून काही सेकंदांनी येतो, आणि तेवढा वेळ वरचे व खालचे स्वर वेगवेगळ्या गतीने हेलकावत राहतात. इंग्रजी पुस्तिकांचे शब्दशः भाषांतर करणारे येथे ‘प्रवेग’ लिहितात. मराठीत ‘वेग धरणे’ आणि ‘वेग ओसरणे’ असे दोन जिवंत वाक्प्रचार असताना पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला शब्द का आणावा, हे मला कळत नाही. ‘ओसरणे’ या क्रियापदात तर ढोल हळूहळू संथ होत जाण्याचे हुबेहूब चित्र आहे.

आता पायाकडे येऊ. जुन्या हॅमंडवर वेग बदलण्याचा स्विच बहुधा डाव्या हाताशी, खालच्या पट्ट्यांच्या कडेला असे, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना ते काम पायाकडे द्यावे लागे. त्यासाठी ‘पायडल’ म्हणावे का? सायकलमुळे रुळलेला हा उच्चार मला प्रिय आहे. इंग्रजी ‘पेडल’ लॅटिनमधल्या पायाच्या शब्दापासून आला आणि आपला ‘पाय’ संस्कृत ‘पाद’पासून, म्हणजे लोकांनी नकळत दोन सख्ख्या नातेवाइकांची गाठ घालून दिली. परंतु ऑर्गनला खर्जाचे पायडल असते, आवाज लहानमोठा करण्याचेही असते, तेव्हा त्यात आणखी एकाची भर घालणे गैरसोयीचे आहे.

राहिले ‘कळ’ आणि ‘खटका’. ‘पायकळ’ म्हटले की पायात आलेली कळ आधी आठवते. ‘खटका’ शब्दालाही अडचण आहे, कारण गायकाच्या लेखी खटका हा एक अलंकार आहे. पण ‘पाय’ जोडताच तो संशय मिटतो, आणि ‘पायपेटी’, ‘पायवाट’ यांच्या पंक्तीत ‘पायखटका’ सहज बसतो. शिवाय एक उपयुक्त भेदही साधता येतो. एकदा दाबला की त्याच स्थितीत राहणारा तो पायखटका. पाय उचलताच पूर्ववत होणारी ती नुसती कळ, जशी स्वर लांबवण्याच्या पायडलात असते. हा भेद व्यवहारात फार जाणवतो, कारण पायखटक्याची अपेक्षा असलेल्या वाद्याला कळ जोडली तर पाय दाबलेला असेपर्यंतच कर्णा जलद फिरतो आणि पाय उचलताच त्याचा वेग ओसरू लागतो.

याच ठिकाणी ‘दाबेपर्यंत’ची चूक लक्षात येते. ‘दाबेपर्यंत’ म्हणजे दाबण्याची क्रिया घडण्यापूर्वीचा काळ. ‘मी येईपर्यंत थांब’ यात मी अजून आलेला नसतो. दाबून ठेवल्याचा काळ सांगायचा असेल तर ‘दाबलेला असेपर्यंत’ असे लिहावे, आणि एकदाच दाबायचे असेल तर ‘दाबल्यावर’. वाचकांच्या वाद्याला जर खरा पायखटका जोडलेला असेल, तर त्यांचे वाक्य असे होईल : ‘पायखटका एकदा दाबल्यावर फिरता कर्णा जलद वेग धरतो, पुन्हा दाबल्यावर तो वेग ओसरून कर्णा संथ फिरू लागतो.’