जपानी राजवटीत टोकियोला गेलेल्या कोरियन लेखकांनी आपली ओळख कशी टिकवली?

सगळ्यांनी टिकवली असं नाही. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. पुढे नाव कमवायचं तर टोकियो गाठायचं आणि जपानीत लिहायचं, अशी वेळ अनेकांवर आली. चांग ह्योक-जू १९३२ मध्ये जपानी कथेमुळे गाजला, पण नंतर साम्राज्याच्या बाजूने लिहू लागला आणि शेवटी जपानी नागरिक झाला.

माझ्या मते वाचावा तो किम सा-र्यांग. त्याची १९३९ची जपानी कथा ‘प्रकाशात’ पुढच्या वर्षी जपानच्या अकुतागावा साहित्य पुरस्कारासाठी नामांकित झाली. तिच्यातल्या टोकियोतल्या कोरियन शिक्षकाचं आडनाव ‘नाम’, पण मुलं त्याला जपानी पद्धतीने ‘मिनामी’ म्हणतात आणि तोही खपवून घेतो. आई कोरियन असलेला त्या मुलांतला हारुओ कोरियनांचा तिरस्कार करतो. शेवटी तोच मुलगा त्याला ‘नाम’ म्हणून हाक मारतो. नेमकं १९४० मध्येच कोरियनांवर जपानी धर्तीची नावं घ्यायची सक्ती सुरू झाली, हे लक्षात ठेवून ही हाक वाचा, अंगावर काटा येतो!

किमने कोरियनमध्ये लिहिणंही सोडलं नाही. १९४१च्या डिसेंबरात त्याला अटक झाली. सुटल्यावर मायदेशी परतला आणि १९४५ मध्ये चीनमधल्या कोरियन प्रतिकार दलाला जाऊन मिळाला.