आठवडाभर टीव्हीवरच्या बातम्या पाहून प्रेक्षक म्हणून तुम्हाला काय वाटले?

मी म्हापशात राहणारा निवृत्त शिक्षक आहे आणि हे उत्तर रविवारी, १४ डिसेंबर २०२५ रोजी लिहीत आहे. कोणता आठवडा, हे तुम्ही सांगितलेले नाही, म्हणून नुकताच सरलेला घेतो. ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफडे येथील एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. ते ठिकाण आमच्या घरापासून दहा किलोमीटरवरही नाही. एरवी मी संध्याकाळी अर्धा तास बातम्या पाहतो. या आठवड्यात रोज चार-चार तास पाहिल्या, आणि त्याची थोडी लाजही वाटते.

सर्वांत आधी खटकले ते गावाचे नाव. हिंदी आणि इंग्रजी वाहिन्यांवर ते 'अरपोरा' होते, कुठे 'आरपुरा' झाले, आणि 'हडफडे' हे नाव मी फक्त आमच्या गोव्यातल्या वाहिन्यांवर ऐकले. निवेदकांच्या पाठीमागे समुद्राच्या लाटा आणि माड हलत होते. प्रत्यक्षात तो क्लब समुद्रावर नव्हताच, मिठागरांच्या पाण्याकाठी होता. तिथे जायची वाट इतकी अरुंद की अग्निशामक दलाचे बंब सुमारे ४०० मीटर अलीकडेच थांबवावे लागले. हा तपशील आगीचे कारण आणि परिणाम समजून घेण्यासाठी मोलाचा होता, पण लाटांचे चित्र पाठीमागे असताना तो प्रेक्षकाच्या डोक्यात शिरणार कसा?

त्यानंतर ती चित्रफीत. नर्तकी नाचते आहे, वर छताशी ज्वाळा दिसू लागल्या आहेत आणि वाजवणाऱ्यांच्या ते हळूहळू लक्षात येते आहे, अशी कुणीतरी फोनवर टिपलेली काही सेकंदांची दृश्ये रविवारी सकाळी आली आणि शनिवारपर्यंत गेली नाहीत. रविवारी रात्री एका हिंदी वाहिनीसमोर बसून मी ती मोजू लागलो. अर्ध्या तासात विसाच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडले. वार्ताहर फोनवरून माहिती देत असतानाही तीच दृश्ये, मुख्यमंत्र्यांची छोटी प्रतिक्रिया संपली की पुन्हा तीच. 'परतून तेंच दाखयतात' असे म्हणून आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी मात्र बसून राहिलो.

हे असे का होते, याचे कारण मला वाटते तितके गूढ नाही. बातम्यांच्या वाहिनीवर प्रेक्षक कोणत्याही मिनिटाला येतो आणि कोणत्याही मिनिटाला निघून जातो, आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी याच मिनिटांवर चालते. म्हणून प्रत्येक मिनिटाला पडद्यावर काहीतरी पकडून ठेवणारे असावे लागते, आणि आग व नाच एकत्र असलेली फीत यापेक्षा पकडणारे दुसरे काय असणार? ऑक्टोबर २०२० मध्ये बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवण्यात आले होते. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत आणली गेली. दर गुरुवारच्या आकड्यासाठी चालणारी धावपळ त्यामुळे कमी होईल, असे मला तेव्हा वाटले होते. या आठवड्यात तरी ती कमी झालेली दिसली नाही.

मृतांपैकी २० जण क्लबचे कर्मचारी होते आणि पाच पर्यटक. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी गेला नाही, तळघरात आणि स्वयंपाकघरात कोंडलेल्या धुराने गेला. कर्मचारी झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ अशा दूरच्या मुलखांतून आलेले होते. हे सारे मला टीव्हीनेच सांगितले, हे मान्य केले पाहिजे. फक्त ते पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत सांगितले.

त्या पट्टीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आमच्या वरच्या खोलीत झारखंडचे दोन तरुण भाड्याने राहतात. दोघेही कळंगुटच्या बाजूला एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात कामाला आहेत. त्यांच्याकडे टीव्ही नाही. रविवारी पहाटेपासून त्यांचे फोन वाजत होते, कारण गावाकडच्या टीव्हीवर 'गोव्यात क्लबला आग' एवढेच दिसत होते आणि घरच्यांच्या लेखी गोव्यातला एक क्लब दुसऱ्यापासून वेगळा नव्हता. दुपारी दोघे खाली आले आणि 'अंकल, नावे दाखवत असतील तर जरा बघू का' असे विचारून खुर्चीवर न बसता दाराशीच उभे राहिले. नावे येत होती, पण पट्टीतून, आणि ती इतक्या वेगाने सरकत होती की नाव वाचावे तोवर गाव निघून जाई. मध्येच 'सर्वांत आधी आमच्याच वाहिनीवर' अशी लाल चौकट उघडून दोन-तीन नावे झाकून टाकी. धाकट्याने फोन उंच धरून पट्टीचा फोटो काढला. पाहिला तर त्यात एकाचे आडनाव आणि दुसऱ्याचे पहिले नाव एवढेच आले होते. त्याने आणखी चार फोटो काढले. वरच्या तीन-चतुर्थांश पडद्यावर तेव्हाही नाचच चालू होता.

सोमवारी देशभरच्या वाहिन्यांचे लक्ष थोडे विभागले. संसदेत 'वंदे मातरम्'वरची चर्चा होती, इंडिगोची विमाने रद्द होत होती, मराठी वाहिन्यांना नागपूरचे अधिवेशन होते. आमच्या स्थानिक वाहिन्यांनी मात्र विषय सोडला नाही, आणि खरी माहिती मला तिथेच मिळाली. पंचायतीने ते बांधकाम पाडण्याचा आदेश काढला होता, त्याला पंचायत संचालनालयात स्थगिती मिळाली होती आणि त्यानंतरही क्लब चालूच राहिला, हा सगळा क्रम एका स्थानिक वार्ताहराने कागद हातात धरून, कसलेही संगीत न लावता सांगितला. तीन अधिकारी निलंबित झाले. त्या वार्ताहराचा कॅमेरा हलत होता, आवाजात वारा शिरत होता आणि त्याचे मराठी कोकणी वळणाचे होते. त्या दहा मिनिटांत मला जे कळले ते दिल्लीच्या आठ खिडक्यांतल्या आठ तज्ज्ञांकडून कळले नाही. स्थानिक वाहिन्यांचेही हात बांधलेले असतात, जाहिराती कोण देतो हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे, आणि जिल्हा पंचायतीची निवडणूक तोंडावर असल्याने काही चर्चा लगेच पक्षांच्या भांडणात गेल्या. तरीही.

एक गोष्ट कुणीच नीट केली नाही. रविवारी सकाळी सगळीकडे सिलिंडरचा स्फोट हे कारण सांगितले जात होते, कारण अधिकाऱ्यांनीच प्रथम तसे म्हटले होते. पुढे आत उडवलेल्या शोभेच्या आतषबाजीचे कारण पुढे आले. वर्तमानपत्राला अशा वेळी निदान चार ओळींचा खुलासा छापावा लागतो. टीव्हीवर सकाळचा सिलिंडर संध्याकाळी नाहीसा झाला, आणि तो सकाळी होता हे सांगायला कुणी उरले नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ आजही सिलिंडरच म्हणतात.

मंगळवारी वागातोर येथे क्लबच्याच मालकांच्या दुसऱ्या बांधकामावर बुलडोझर चालला आणि पडदा पुन्हा भरला. गुरुवारी मालक थायलंडमधील फुकेत येथे ताब्यात घेतले गेल्याची छायाचित्रे आली. ती दिसताच मी स्वतः सौभाग्यवतींना हाक मारून बोलावले. म्हणजे वाहिन्यांचा हिशेब माझ्याबाबतीत तरी चुकलेला नव्हता.

तक्रार करावी असेही मनात आले. २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षकाला आधी वाहिनीकडे, मग वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या पातळीवर दाद मागता येते. कागद घेऊन बसलो, पण लिहायचे काय? दाखवलेली फीत खरी होती आणि नावेही दिली होती. ती खाली आणि घाईत दिली, याविरुद्ध वाहिन्यांनी पाळायच्या कार्यक्रम संहितेत कलम नाही.

बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या, हे वाक्य मी पाहिलेल्या चर्चांत अनेकदा उच्चारले गेले आणि दरवेळी त्यावरून पुढचा वक्ता राजीनाम्याच्या मागणीकडे वळला. म्हणून सोमवारी रात्री मी आमच्या थोरल्या भाडेकरूलाच विचारले की, तुमच्या स्वयंपाकघराला दारे किती. त्याने दोन बोटे दाखवली. मग जरा थांबून म्हणाला की, दुसऱ्या दारापुढे मैद्याची पोती रचलेली असतात. शुक्रवारी कामावरून आल्यावर त्याने मुद्दाम खाली येऊन सांगितले की, मालकांनी पोती तिथून उचलायला लावली. आता ती गॅसच्या सिलिंडरांशेजारी रचली आहेत.