सूर्य, भरती आणि पावसाचं घड्याळ : उष्ण कटिबंधातली सुट्टी, मुलांसोबत

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या देशात मुलांना घेऊन सुट्टीला निघालेल्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दहा दिवसांची सहल आहे, मुलं पाच आणि नऊ वर्षांची. कार्यक्रमपत्रिकेत रोज तीन-तीन ठिकाणं आहेत. मुलांना झेपेल का?

झेपणार नाही. मुलं नाजूक आहेत असं नाही, पत्रिकेतल्या वेळा चुकल्या आहेत. उष्ण कटिबंधात सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात सूर्य डोक्यावर असतो आणि नेमक्या याच वेळात सहलीच्या गाड्या माणसांना उन्हात उतरवतात. दिवसाचे दोन तुकडे करा. साडेसहा ते दहा हा पहिला, साडेतीन ते अंधार पडेपर्यंत हा दुसरा. मधला वेळ जेवण, झोप, पत्ते आणि सावलीचा. मोठा कार्यक्रम दिवसाला एकच, आणि तोही सकाळच्या तुकड्यात. होडीची फेरी तर सकाळीच हवी, कारण जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी खवळतं आणि मुलांना होडी लागते. पहिले दोन दिवस अगदी हलके ठेवा. नव्या उकाड्याची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो.

संध्याकाळ लांबेल असं गृहीत धरू नका. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. किनाऱ्यावरून परतायचं ते सूर्य दिसत असतानाच.

नऊ वर्षांच्या मुलाला एक काम सोपवा, सावली मोजण्याचं. वाळूत काठी सरळ उभी करायची आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी एक शिंपला ठेवायचा. सावली काठीपेक्षा आखूड झाली की सगळ्यांनी छपराखाली जायचं, हा घरचा नियम. हा खेळ आहे आणि उन्हाचं मोजमापही, कारण सावली जितकी आखूड तितके अतिनील किरण प्रखर. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोन दिवस भर मध्यान्ही काठीची सावली पूर्ण नाहीशी होते. तुमच्या तारखा त्याच्या आसपास असतील तर तो क्षण मुलांना जरूर दाखवा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, करायचं आहे. मागच्या वेळी मास्कमध्ये पाणी गेलं, ती घाबरली आणि पुन्हा पाण्यात उतरलीच नाही.

घाबरण्याचं मूळ बहुधा मास्कमध्येच असतं, तेव्हा सुरुवात तिथून करू. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, मुलीला नाकाने हलका श्वास आत ओढायला सांगा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. पडला तर दुसरा बघा, पट्टा आवळून काहीही साधत नाही. उलट जास्त आवळल्याने रबराची कड दुमडते आणि पाणी तिथूनच शिरतं. पाणी शिरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कडेखाली अडकलेले केस. दोन बटा पुरतात. केस मागे घट्ट बांधा आणि पट्टा मानेवर न घेता डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसवा. मूल हसलं तरी गालाला घडी पडून थोडं पाणी येतं. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, म्हणून ती सारखी धुरकट होते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून धुवा, असं दोन-तीनदा करा. नंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी बाळाच्या शाम्पूचा एक थेंब आतून पसरवून एकदाच विसळा.

नळी मुलांच्या मापाची, आखूड आणि बारीक हवी. मोठ्यांच्या लांब-रुंद नळीत सोडलेली हवा साचते, मूल तीच पुन्हा ओढतं आणि त्याला धाप लागते. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण लहान मुलांना देऊ नयेत. त्यांच्या पोकळीतही सोडलेली हवा साचू शकते आणि घाबरलेल्या मुलाला ते झटकन काढता येत नाहीत.

सराव उथळ तलावात करा, समुद्रात नको. पहिल्या दिवशी काठ धरून फक्त मास्क लावायचा आणि चेहरा पाण्यात घालून तळाशी टाकलेली नाणी मोजायची. दुसऱ्या दिवशी पाण्याबाहेर उभं राहून नळीतून श्वास घ्यायचा, मग त्याच नळीतून एखादं गाणं गुणगुणायचं. गुणगुणताना श्वास आपोआप लांब आणि संथ होतो, आणि तुम्हाला कानांनी कळतं की मूल ठीक आहे. त्यानंतर दोन्ही एकत्र. शेवटी नळीत मुद्दाम पाणी भरून जोरात ‘फू’ करून ते उडवायला शिकवा. हे पाच-सहा वेळा जमलं की भीती बरीचशी जाते. पायांत घालायचे पोहण्याचे पंखे (फिन) एवढ्यात नकोत. लहान मूल त्यांनी प्रवाळ मोडतं आणि उभं राहायला गेलं की अडखळतं.

समुद्रात उतरताना वाळूचा तळ असलेली शांत खाडी, सकाळची वेळ आणि जीवरक्षक असलेला किनारा निवडा. मुलीला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं लाइफ जॅकेट घाला. हातात फुगवून घालायचे फुगे आणि हवेच्या रिंगा ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये. एक मोठा माणूस कायम हाताच्या अंतरावर हवा, आणि त्या वेळात त्याचं दुसरं काही काम नको. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, आवाजाविना खाली जातं. पाणी कोमट वाटलं तरी शरीरातली ऊब हळूहळू निघून जाते, म्हणून वीस मिनिटं झाली की बाहेर काढा. ओठ निळसर दिसण्याची वाट पाहू नका. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. तो सजीव आहे, आणि त्याने झालेली जखम चिघळते.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत मुलांना काय दाखवता येईल? धोका किती?

सगळ्या सहलीत एकच गोष्ट करता येणार असेल तर हीच करा. तिकीट नाही, रांग नाही, आणि पाच वर्षांचं मूलही तासभर हलत नाही.

वेळ नेमकी साधावी लागते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत दूर जातं आणि एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. तिथलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी परतू लागताच निघा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. भरती एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्यातलं निम्मं तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं. पहिल्या तासात काहीच होत नाहीसं वाटतं, माणसं गाफील राहतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते.

डबक्याकाठी बसा आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नका. दोन मिनिटं गप्प राहिलं की शंख चालू लागतात. ते शंखात राहणारे खेकडे असतात. वाढ झाली की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो, म्हणून रिकामे शंख पिशवीत भरून घरी आणू नयेत. समुद्रफुलाचे धागे, तारामासा, समुद्रकाकडी, दगडाच्या रंगाचे चिमुकले मासे, हे सगळं बघून मुलांनी वहीत चित्रं काढावीत. एखादा दगड उलटलाच तर हळूच पुन्हा होता तसाच ठेवायचा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हात मरतात.

नियम एकच, पण कडक : डोळ्यांनी बघायचं, हातांनी नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात शंकूच्या आकाराचे, सुंदर नक्षीचे जिवंत शंख असतात. त्यांचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपसही तसाच विषारी. दगडासारखा पडून राहणारा स्टोनफिश हा विषारी काट्यांचा मासा दिसतच नाही, म्हणून जाड तळव्याचे, बंद बूट हवेत. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागून निघून जातं. पाकटाचा किंवा स्टोनफिशचा काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावं, कारण दुखण्याच्या भरात मुलाला पोळलेलं कळत नाही.

प्रश्न : सनस्क्रीन आधी की डासांचं मलम?

सनस्क्रीन आधी. ते बाहेर पडण्याच्या वीसेक मिनिटं आधी लावा, मुरू द्या, मग वरून डासांचं. सनस्क्रीनचा एसपीएफ क्रमांक ३० किंवा जास्त असावा. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं. बहुतेक जण याहून फार कमी लावतात आणि मग मलमाला दोष देतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. कानांची टोकं, पावलांची वरची बाजू, गुडघ्यांच्या मागची बाजू विसरू नका. पाण्यात असताना लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा कुठल्याही मलमापेक्षा सरस. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे, मलम नको.

खरेदीआधी तिथले नियम बघा. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून प्रवाळाला घातक ठरणारे घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचं साधं मलम अशा ठिकाणीही चालतं. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. मच्छरदाणी फक्त रात्रीची, हा समज सोडा.

प्रश्न : अडीच वर्षांचं मूल वाळूत रमतं, पण किल्ला उभाच राहत नाही. काही युक्ती?

आठ भाग वाळूला एक भाग पाणी. छोट्या भांड्याने मोजून बादलीत कालवा. पाण्याचे सूक्ष्म थेंब वाळूच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतात. पाणी कमी पडलं की कण सुटतात, जास्त झालं की कणांमधली जागा भरून चिखल वाहतो. वाळू बादलीत थराथराने दाबून भरा, उलटी करा, थोपटा आणि हळू उचला. बारीक, टोकदार कणांची वाळू गोल कणांपेक्षा चांगली धरते.

खड्डा मात्र सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल नको. ओल्या वाळूची भिंत क्षणात ढासळते आणि आत गेलेल्याला उपसून काढणं फार कठीण असतं. निघताना खड्डे बुजवा, किल्ले मोडा. कासवांचा किनारा असेल तर रात्री समुद्राकडे निघालेली पिल्लं त्यात अडकतात.

प्रश्न : रोज दुपारी पाऊस येतो म्हणतात. तेव्हा मुलांचं काय करायचं?

पाऊस दुपारी येतो त्याला कारण आहे. सकाळभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, ढग उंच वाढतात आणि कोसळतात. मुलांना सकाळी नऊपासून ढगांची उंची पाहायला लावा आणि पाऊस कधी सुरू होईल यावर अंदाज बांधायला सांगा. चार दिवसांत ती मोठ्यांपेक्षा अचूक सांगू लागतात. सरळ कडांच्या रिकाम्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला आणि बाजूला मोजपट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार.

कोमट पावसात भिजायला हरकत नाही, पण गडगडाट नसेल तरच. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आला तर पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. झाडाखाली किंवा किनाऱ्यावरच्या उघड्या झोपडीत नको. धबधब्याखाली डुंबत असाल तर नजर पाण्याच्या रंगावर ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला की सामान सोडून उंच जागी चढा.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला कशातच रस नाही. त्याला काय दाखवू?

रात्र दाखवा. या वयाची मुलं दिवसा कंटाळतात, अंधारात जागी होतात.

अमावास्येच्या आसपासच्या तारखा धरा. काही शांत खाड्यांत हात फिरवला की पाणी निळसर चमकतं. पाण्यातले एकपेशीय जीव ढवळले गेले की उजेड सोडतात. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे यासाठी प्रसिद्ध आहे. मलेशियात क्वाला सलांगोरच्या नदीकाठी खारफुटीवर हजारो काजवे एकाच तालात लुकलुकतात. दोन्हीकडे चंद्रप्रकाश आणि मोबाइलचा उजेड मजा घालवतो.

यातलं काही जवळ नसेल तरी आकाश आहेच. विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजालगत दिसतो, आणि तो क्षितिजापासून जितके अंश वर तितकाच तुमचा अक्षांश. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. मुलाला मुठीने अक्षांश मोजू द्या आणि नंतर नकाशाशी ताडून पाहू द्या. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूहही दिसतो. विषुववृत्ताजवळ चंद्रकोर बऱ्याचदा होडीसारखी आडवी पडलेली असते. जंगलाच्या वाटेवर स्थानिक वाटाड्यासोबत गेलात तर विजेरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायला सांगा. गवतात बारीक हिरवट ठिणग्या दिसतील. ते कोळ्यांचे डोळे.