वाचकांचे प्रश्न : शहराचे उत्पन्न मोजायचे तर आधी हद्द ठरवा

महानगरांच्या उत्पन्नाची तुलना या विषयावर इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : एका यादीत इंदूरची अर्थव्यवस्था जेवढी दाखवली आहे, दुसऱ्या यादीत ती जवळजवळ दुप्पट आहे. वर्ष दोन्हीकडे एकच. खरा आकडा कोणता मानायचा? (सुदामा नगर, इंदूर)

आपल्याकडे महानगराचे सकल उत्पादन (वर्षभरात तिथे तयार झालेला माल आणि सेवा यांतली एकूण भर) सरकार दरवर्षी मोजून जाहीर करते असे नाही. देशाचा आकडा निघतो, राज्याचा निघतो, आणि राज्यांची अर्थ व सांख्यिकी खाती जिल्ह्यांचे अंदाज तयार करतात. यादीत नुसते ‘इंदूर’ लिहिलेले असते, पण आकडा काढणाऱ्याने कुठली तरी हद्द धरलेलीच असते. ती कुठली, हे आधी शोधा.

२०११च्या जनगणनेतच पाहा. महापालिकेच्या हद्दीत जवळजवळ २० लाख लोक, नागरी समूहात (शहर आणि त्याला लागून वाढलेल्या वस्त्या) २१.७ लाख, जिल्ह्यात ३२.८ लाख. धार आणि देवास हे जिल्हे अख्खे जोडले तर लोकसंख्या ७० लाखांवर जाते. म्हणजे चार इंदुरे झाली, आणि चौघांचे उत्पन्न वेगळे.

यातले सगळ्यात अडचणीचे गाव म्हणजे पीथमपूर. मोटारी, ट्रक, औषधे बनवणारा एवढा मोठा पट्टा इंदूरला अगदी लागून आहे, पण तो धार जिल्ह्यात येतो. उत्पादन जिथे होते त्या जिल्ह्याच्या खात्यावर जाते, म्हणून हे कारखाने इंदूरच्या आकड्यात दिसत नाहीत. तिथे नोकरी करणारे पुष्कळ जण मात्र राऊ, महू, राजेंद्र नगर या बाजूला राहतात आणि पगार इंदुरात खर्च करतात. नुसता इंदूर जिल्हा धरला तर शहराचा कारखानदारीचा हात तोडल्यासारखे होते. अख्खा धार जोडला तर कुक्षी, मनावर, गंधवानीची शेतीही ‘महानगरात’ येते. एकूण आकडा फुगतो आणि दरडोई आकडा घसरतो.

अमेरिकेत हा घोळ बराचसा मिटवलेला आहे. तिथे महानगर रोजच्या ये-जा करण्यावरून ठरते. एखाद्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक मुख्य शहराच्या काउंट्यांत कामाला जात असतील, किंवा उलट दिशेने तेवढेच येत असतील, तर ती काउंटी महानगरात धरतात. त्या हद्दीचा जीडीपी, म्हणजे सकल उत्पादन, तिथले आर्थिक विश्लेषण खाते दरवर्षी जाहीर करते. न्यूयॉर्क महानगराचा दोन लाख कोटी डॉलरांवरचा आकडा असा आलेला आहे. युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) यांच्या पद्धतीत हीच मर्यादा १५ टक्के आहे. चीनमध्ये प्रशासकीय हद्दच धरतात. तिथले छोंगछिंग ‘शहर’ ८२ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे मध्य प्रदेशाच्या चौथाईहून मोठे, आणि त्यातला बराचसा भाग डोंगर आणि शेती. न्यूयॉर्क, छोंगछिंग आणि इंदूर एका रांगेत मांडणारी यादी पाहिली की हद्दीची टीप शोधा. ती नसेल तर यादीतल्या क्रमांकावर विसंबू नका.

प्रश्न : ग्वाल्हेरचा दरडोई आकडा इतका मागे का? शहराजवळ कारखाने तर आहेत. (लष्कर, ग्वाल्हेर)

आहेत, पण मालनपूर भिंड जिल्ह्यात आणि बानमोर मुरैना जिल्ह्यात. मागास जिल्ह्यांत उद्योग काढणाऱ्याला सवलती मिळत, म्हणून मोठ्या शहराच्या जवळ पण जिल्ह्याच्या सीमेपलीकडे वसाहती वाढल्या. मालनपूर, बानमोर आणि पीथमपूर यांची जात एकच. आपल्याकडच्या शहरांची जिल्हावार तुलना करताना नकाशा शेजारी ठेवा आणि औद्योगिक वसाहत सीमेच्या अलीकडे की पलीकडे, एवढे तरी पाहा.

उलटा घोटाळाही होतो. लंडनच्या ‘सिटी’ भागात राहणारे लोक १० हजारांहून कमी, आणि रोज कामाला येणारे ५ लाखांहून जास्त. तिथल्या उत्पादनाला तिथल्या रहिवाशांनी भागले तर येणाऱ्या दरडोई आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. भागाकारात वरची आणि खालची संख्या एकाच हद्दीतली हवी, आणि ती हद्द ये-जा करणाऱ्यांना पोटात घेणारी हवी.

प्रश्न : आमच्या बाजाराची रोजची उलाढाल कोट्यवधींची आहे. ती शहराच्या उत्पन्नात धरली जाते का? (सियागंज, इंदूर)

उलाढाल धरत नाहीत. तिच्यातली भर तेवढी धरतात. माळव्यातल्या सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. भाव समजण्यापुरते आहेत.

तेल गाळणाऱ्या प्लँटने १०० किलो सोयाबीन ४,५०० रुपयांना घेतले. त्यातून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलो पेंड निघते. तेल १२० रुपये किलोने २,१६० रुपयांचे, पेंड ३५ रुपये किलोने २,८०० रुपयांची. विक्री ४,९६० रुपये. वीज, कोळसा, हेक्झेन, बारदान आणि वाहतूक यांवर २०० रुपये गेले. आता ४,९६० वजा ४,७०० म्हणजे २६० रुपये. प्लँटने अर्थव्यवस्थेत घातलेली भर एवढीच, विक्रीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. मजुरी, व्याज, घसारा आणि नफा याच २६० रुपयांतून निघतात. सोयाबीनच्या ४,५०० रुपयांतली शेतकऱ्याची भर त्याच्या जिल्ह्याच्या शेतीखात्यात आधीच धरलेली असते. ती पुन्हा इथे धरली तर दोनदा मोजली जाईल. घाऊक व्यापाऱ्याचेही तसेच : खरेदी आणि विक्री यांतल्या फरकातून भाडे, वीज, हमाली कंत्राट असा बाहेर दिलेला खर्च वजा करून जे उरते ते धरायचे. दुकानातल्या नोकरांचा पगार मात्र वजा करायचा नाही, कारण तो भरीचाच भाग आहे. ही चूक फार जण करतात.

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी इंदूर महानगराचे उत्पन्न स्वतः काढायचे आहे. कसे काढू? (भंवरकुआ, इंदूर)

हद्द तहसिलींवरून आखा. इंदूर जिल्हा पूर्ण, धारमधला पीथमपूरचा पट्टा आणि देवास तहसील एवढ्यावर सुरुवात चांगली होते. उज्जैन घ्यायचे की नाही हे ये-जा पाहून ठरवा. जनगणनेच्या बी-२८ तक्त्यात घर ते काम हे अंतर आणि वाहन दिलेले असते. माणूस कुठे जातो हे मात्र त्यात नसते, म्हणून ‘२१ ते ३० किलोमीटर’ जाणारे सगळे इंदूरलाच येतात असे मानू नका. बस आणि लोकल गाड्यांच्या फेऱ्या पडताळून पाहा.

मग तिन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रवार सकल मूल्यवर्धन घ्या, म्हणजे वर सोयाबीनच्या उदाहरणात काढली तशी भर, शेती, कारखाने, सेवा अशी वेगवेगळी. वर्ष एक, आधारवर्ष (ज्या वर्षाचे भाव पाया धरतात ते) एक. २००४-०५ आणि २०११-१२ या आधारवर्षांच्या मालिका शेजारी ठेवून वाढीचा दर काढला की हमखास चुकतो, कारण त्यांत नुसते भाव बदललेले नाहीत, मोजण्याची पद्धतही बदललेली आहे. एका वर्षाचा आकार बघायचा तर चालू किमती (त्याच वर्षाचे भाव), वाढ बघायची तर स्थिर किमती (आधारवर्षाचे भाव).

आता धारचा तुकडा कापायचा, देवासचाही तसाच. शेती कापताना तहसिलीचे लागवडीचे क्षेत्र आणि पीक बघा. कारखानदारी कापताना कामगारांचा वाटा घ्या : पीथमपूरमधले कारखाना-कामगार भागिले जिल्ह्यातले कारखाना-कामगार. गाव आणि शहरवार रोजगार २०१३च्या सहाव्या आर्थिक गणनेत मिळतो, पण तो जुना झाला आहे हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. मोठे कारखाने आणि घरगुती उद्योग एकत्र करू नका. ट्रक बनवणारा कामगार आणि विडी वळणारी बाई यांच्यामागचे यंत्र वेगळे, भांडवल वेगळे, म्हणून माणशी भरही वेगळी. दोघांना एकाच मापाने मोजले तर पीथमपूरचा वाटा कमी येतो.

हीच खोट जिल्ह्यांच्या अंदाजातही असते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या सेवांचा आकडा राज्याच्या एकूण रकमेतून माणसांच्या संख्येप्रमाणे वाटून काढतात, तिथे इंदूरच्या खासगी इस्पितळातला तज्ज्ञ आणि झाबुआच्या खेड्यातला दवाखाना एका भावाने मोजले जातात. त्यामुळे मोठे शहर असते त्यापेक्षा लहान दिसते. दुरुस्तीसाठी पगाराची माहिती जोडून दुसरा अंदाज काढा, आणि उत्तर एका आकड्यात देण्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे द्या. शेवटी दरडोई काढताना त्याच वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्या. आजच्या उत्पन्नाला २०११च्या डोक्यांनी भागू नका.

प्रश्न : डॉलरमधली तुलना कोणत्या दराने करावी? (रामबाग, इंदूर)

प्रश्नावर अवलंबून. २०१७ साली बाजारातला दर डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये होता, आणि क्रयशक्ती समतेचा (अमेरिकेत एक डॉलरला मिळणारा माल इथे किती रुपयांना मिळतो, यावरून काढलेला) २०.६५ रुपये. एक लाख कोटी रुपयांचे उत्पादन पहिल्या दराने सुमारे १,५३६ कोटी डॉलर, दुसऱ्याने ४,८४३ कोटी डॉलर. तिपटीहून जास्त फरक! परदेशी यंत्र घ्यायची किंवा निर्यात करायची ताकद पाहायची तर बाजारदर, स्थानिक माल आणि सेवा यांचे प्रमाण पाहायचे तर समता-दर. समता-दर देशभराचा एकच असतो, म्हणून मुंबईचे घरभाडे आणि इंदूरचे घरभाडे यांतला फरक त्यात येत नाही. देशातल्या देशात तुलना असेल तर डॉलर मध्ये आणूच नका.

शेवटी, बडोद्याच्या (मांडवी) वाचकाने विचारले आहे की रिफायनरीमुळे त्यांचे शहर कागदावर श्रीमंत दिसते का. दिसते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५पासून चालू आहे. अशा कारखान्यात माणसे थोडी आणि यंत्रे प्रचंड, त्यामुळे भर मोठी, पण तिच्यातला नफा कंपनीमार्फत देशभर जातो. कच्च्या तेलाचा आणि पेट्रोलचा भाव हलला की उत्पादन तेवढेच राहूनही भर खालीवर होते, म्हणून तीन-चार वर्षांची सरासरी घ्या. शिवाय २०१३ साली छोटा उदेपूर वेगळा झाला. त्याच्या आधीचा आणि नंतरचा बडोदे जिल्हा एकच समजून आलेख काढला तर दरडोई उत्पन्नाने एका वर्षात उडी मारलेली दिसेल. हालोलचे कारखाने तर पंचमहाल जिल्ह्यात आहेत. घरांची ऐपत जाणून घ्यायची असेल तर उत्पादनाऐवजी कुटुंबांच्या उपभोग-खर्चाचे सर्वेक्षण पाहा. ते २०२२-२३ आणि २०२३-२४ असे लागोपाठ झाले आहे. एका जिल्ह्याच्या वाट्याला येणारा नमुना लहान असतो, तेव्हा त्यातून गुजरातच्या शहरी भागाचा आकडा घ्या, एकट्या बडोद्याचा काढू नका.